ऐकीव आरएक्स आणि खरी आरएक्स

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला आरएक्स १०० उभी राहिली की शेजारच्या गाडीवरून दोन प्रश्न हमखास येतात. "विकायची का ओ?" आणि "जपानची हाय का?" पहिल्या प्रश्नाला मी वीस वर्षं एकच उत्तर देत आलोय. दुसऱ्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण या गाडीभोवतीचे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

यामाहाची ही गाडी १९८५च्या अखेरीस भारतात आली. एस्कॉर्ट्सशी करार झाला होता. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून यायचे आणि जोडणी इथे व्हायची. पुढे उत्तर प्रदेशातल्या सूरजपूरच्या कारखान्यात गाडी बनू लागली आणि १९९६मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे जपानी भागांच्या गाड्या अगदी पहिल्या काळातल्या. तरी आज विकायला निघालेली प्रत्येक दुसरी आरएक्स ‘जपानची’ असते आणि त्या एका शब्दावर किंमत चढते. टाकीवरचा स्टिकर किंवा विकणाऱ्याचा शब्द हा पुरावा नव्हे. आरसीवरचं उत्पादनाचं वर्ष बघा, मग चेसिसवर आणि इंजिनवर ठोकलेले नंबर आरसीशी ताडून बघा. माझी गाडी काकांनी १९९१ साली घेतलेली, सूरजपूरचीच. ती कुठेही कमी पडत नाही, कारण मापं तीच आहेत: ५० मिमी बोअर, ५० मिमी स्ट्रोक, ९८ सीसी, ७५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला एवढी ताकद त्या काळात रस्त्यावर दुर्मीळ होती. पिकअपचं सगळं गुपित या आकड्यांत आहे.

रविवारी सकाळी आम्ही आरएक्सवाले चहाला जमतो तेव्हा सल्ल्यांची देवाणघेवाण चालते. सगळे सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात. पण त्यातले बरेचसे ‘थोडं जास्त’ या दोन शब्दांवर उभे असतात. थोडं जास्त ऑइल, थोडा मोकळा सायलेन्सर, थोडा मोठा बोअर. आणि ही गाडी तर मापाची आहे. एका ठिकाणचं माप हललं की दुसऱ्या ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते.

"ऑइल थोडं जास्तच टाकायचं, इंजिन सेफ राहतं"

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात जास्त गाड्या बिघडवणारा सल्ला हाच. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालच्या क्रँककेसमधूनच हवा-पेट्रोल वर जातं, म्हणून तिथे फोर-स्ट्रोकसारखं ऑइल भरून ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलबरोबरच आत यावं लागतं आणि जळून जावं लागतं. यामाहाने यासाठी ऑटोल्यूब पंप दिला. वेगळ्या टाकीतून तो टू-टी ऑइल घेतो आणि इंजिनाचा वेग व थ्रॉटल यांच्या प्रमाणात सोडतो. गाडी आयडलला असताना कमी, पूर्ण रेसला जास्त.

पुष्कळ जण हा पंप बंद करून घेतात. ‘पंपावर भरवसा नाही’ म्हणून पेट्रोलच्या टाकीतच ऑइल ओततात आणि वर थोडं जास्त. आता हिशेब बघा. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीक द्रवच जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण पातळ झालं, आणि पातळ मिश्रण गरम जळतं. इंजिन वाचवायला ओतलेलं जादा ऑइल एका बाजूने ते तापवतं, दुसऱ्या बाजूने प्लग काळा करतं आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साठवतं. शिवाय उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की टाकीत मिसळलेलं ऑइल पेट्रोलबरोबरच जवळजवळ थांबतं, इंजिन मात्र फिरत असतं. पंप अशा वेळीही थोडं थोडं ऑइल देत राहतो.

पंप खराब झाल्याच्या तक्रारींत बहुतेकदा खराब काहीच नसतं. ऑइलची टाकी एकदा रिकामी पडली की नळीत हवा अडकते. ती काढल्याशिवाय पंप नुसता फिरतो. दुसरं म्हणजे पंपाची वायर. ॲक्सिलरेटरची वायर बदलताना फिटर पंपाची खूण जुळवायला विसरतो. ही दोन कामं अर्ध्या तासाची आहेत. ऑइल घेताना डब्यावर जासो एफसी किंवा एफडी ही प्रत बघून घ्यावी. ही कमी धुराची ऑइलं आहेत.

"धूर मारते म्हणजे बोअर गेला"

टू-स्ट्रोक थोडा धूर मारणारच. ऑइल जळतंय. थंड इंजिन सकाळी जास्त मारेल. पण गरम झाल्यावरही पांढऱ्या धुराचे लोट निघत असतील आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर बोअरला हात लावायच्या आधी क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील बघा. ते गेलं की क्रँककेस गिअरबॉक्सचं ऑइल ओढून घेते. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं तर ती हवा ओढते. मग गाडी आपोआप रेस धरते, आयडल लागत नाही, आणि लोक कार्बोरेटर तीन-तीनदा खोलतात. मी स्वतः एकदा नवा कार्बोरेटर बसवून घेतला. दोष होता मॅग्नेटोमागच्या एका रबरी कड्याचा. हवा ओढणारं सील हे पातळ मिश्रणाचंच दुसरं रूप आहे. तसंच चालवत राहिलं तर पिस्टन धरतो.

"सायलेन्सर कापला की गाडी मोकळी पळते"

फोर-स्ट्रोक गाड्यांवरून आलेला हा समज टू-स्ट्रोकला लावला की गाडीचं नुकसान होतं, आणि त्यामागची कहाणी सांगण्यासारखी आहे.

टू-स्ट्रोकला एक जन्मजात अडचण आहे. जळालेला वायू बाहेर ढकलायला ताजं मिश्रणच वापरलं जातं, आणि त्यातलं काही एक्झॉस्टमधून तसंच निसटून जातं. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी सायलेन्सरच्या नळीला असा आकार दिला की आधी ती रुंदावत जाते आणि मग निमुळती होते. एक्झॉस्टचा दाब नळीत लाटेसारखा धावतो. रुंदावणाऱ्या भागातून परतलेली लाट ओढ निर्माण करते आणि सिलिंडर रिकामा करते. निमुळत्या टोकावरून परतलेली लाट निसटलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये दाबून बसवते. एमझेडचे शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर १९६१च्या स्वीडिश ग्रां प्रीच्या वेळी पश्चिमेकडे निसटले आणि ही विद्या घेऊन सुझुकीत गेले. पुढच्याच वर्षी सुझुकीवर त्यांनी ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. जपानी टू-स्ट्रोकची घोडदौड या ज्ञानावर उभी आहे.

तेव्हा आरएक्सचा सायलेन्सर म्हणजे नुसती आवाज कमी करायची नळी नव्हे. इंजिनाचा अर्धा श्वास तिथे आहे. ती कापली, आतली जाळी-पट्टी उपसून टाकली, की परतणारी लाट चुकते, मधल्या रेसची ओढ जाते आणि आवाज तेवढा वाढतो. वाढलेल्या आवाजाला कान वेग समजतात. कुणाला शंका असेल त्याने विजापूर रोडच्या एखाद्या मोकळ्या सरळ पट्ट्यावर, वाहतूक नसताना, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ६० जायला किती सेकंद लागतात ते आधी आणि नंतर मोजावं. सायलेन्सरला खरं लागतं ते साफ करणं. आतला बॅफल काढून कार्बन घासून काढला की गेलेला पिकअप परत येतो, आणि खर्च जवळजवळ नाहीच.

कायद्याचंही इथेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिनच बदललं असेल तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. याच्या उलट ‘टू-स्ट्रोकवर बंदी आहे’ ही हूल. आपल्याकडे आरसीचं नूतनीकरण १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होतं, आणि मार्च २०००पूर्वीच्या दुचाकीला पीयूसीची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के व हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी आहे. पंप जुळलेला, सील चांगले, सायलेन्सर साफ, अशी आरएक्स चाचणीला आत्मविश्वासाने नेता येते.

"बोअर मारला की पॉवर वाढते"

वाढलेली वाटते, हे खरं. पण कारण वेगळं आहे. पिस्टन पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर ओव्हरसाइझमध्ये मिळतात. शेवटच्या मापापर्यंत गेलं तरी ९८ सीसीचे १०२ होतात. चार सीसीने काय फरक पडणार? झिजलेल्या बोअरमधून निसटणारं कॉम्प्रेशन परत मिळालं, तो हा जोर. म्हणून गरज नसताना बोअर मारणं म्हणजे ब्लॉकच्या चार आयुष्यांतलं एक फुकट घालवणं. आणि मूळ ब्लॉक आता सहज मिळत नाहीत.

लेथवाल्याकडे मात्र दोन गोष्टींसाठी आग्रह धरावा. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यावा, छापील मापावर विसंबू नये. आणि बोअर झाल्यावर पोर्टच्या कडांची धार मोडून घ्यावी. ती तशीच राहिली तर रिंग अडकून तुटते. पोर्ट घासून वर चढवून देणारेही भेटतील. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड मिलिमीटरभर जरी वर गेली तरी इंजिनाची सगळी वेळ बदलते. वरच्या रेसला गाडी सुटते, पण पेठेतल्या गर्दीत दुसऱ्या गिअरला दम तोडते, आणि घासलेला धातू परत चढत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवरची गाडी वेगळी. रोज चालवायच्या आरएक्सला मी हे कधीच करू देणार नाही.

"तापलं की पाणी मारा"

हा धडा मी मंगळवेढ्याच्या रस्त्यावर शिकलो. मे महिना, दुपारी दोन, पारा चव्वेचाळीसच्या आसपास, मागे माणूस बसलेला. अचानक इंजिनाचा आवाज बसला, जणू कुणी ब्रेक दाबला. सुदैवाने क्लच हातात होता. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याने आपुलकीने बादलीभर पाणी आणलं आणि मी ते ब्लॉकवर ओतलं. जे थोडक्यात निभावलं असतं ते तिथे मोडलं.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, बोअर लोखंडी. सारख्या उष्णतेत ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि दोघांमधली फट मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या तीन-चार भागांची. बाहेरून पाणी पडलं की बोअर आधी आकसतो आणि आतला पिस्टन अजून तसाच फुगलेला असतो. फट उरतच नाही. इंजिन तापून पिस्टन धरला तर गाडी सावलीत लावावी, किक मारू नये, अर्धा-पाऊण तास वारा लागू द्यावा. त्यानंतर किक अलगद फिरते का ते बघावं, प्लग काढून त्याचा रंग पाहावा. विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, पांढराफटक असेल तर पातळ, ओला काळा असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. इंजिनाच्या फिन्सवर साचलेला चिखल वेळच्या वेळी धुवावा, इंजिन पूर्ण थंड असताना. काळ्या मातीचा थर वाळला की इंजिनाला गोधडी घातल्यासारखं होतं.

"इथेनॉलने आरएक्स संपल्या" आणि "इथेनॉलने काही होत नाही"

ही दोन्ही वाक्यं एकाच टेबलावर ऐकू येतात. आपला जिल्हा उसाचा, साखर कारखान्यांचा. त्यामुळे इथेनॉलबद्दल प्रत्येकाला बाजू घ्यावीशी वाटते. गाडीपुरतं बोलायचं तर हिशेब सरळ आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की सुमारे १३.५ पट. जेट तोच राहिला तर त्याच हवेत आता इंधन कमी पडतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. जुन्या जेटवर घट्ट जुळवलेल्या, शिवाय सील सैल झालेल्या गाडीला हा शेवटचा धक्का ठरू शकतो. प्लगचा रंग पांढऱ्याकडे झुकत असेल तर मेन जेट एक माप वाढवून पुन्हा रंग बघावा. एवढ्याने बहुतेक गाड्या सावरतात. ॲव्हरेज थोडं कमी होणार, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच ऊर्जा असते.

दुसरा भाग रबराचा आणि पाण्याचा. पेट्रोलची जुनी नळी, फ्लोट चेंबरचं पॅकिंग, कॉकचं वॉशर हे इथेनॉलमुळे फुगतात, चिरतात. ते स्वस्त आहेत, एकदाच सगळे नवे टाकावेत. आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने दोन-तीन महिने उभी राहिलेली गाडी आतून गंजते, पाणी तळाशी बसतं आणि पहिल्या किकला तेच कार्बोरेटरमध्ये उतरतं. म्हणून काही आठवडे गाडी बाहेर काढायची नसेल तर टाकी काठोकाठ भरावी, कॉक बंद करावा, आणि इंजिन तसंच चालू ठेवून फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल संपून ती आपणहून बंद पडेपर्यंत थांबावं.