सायकलीची कुरकुर आणि कानाची साक्ष

सर्व अवयव उघड्यावर मांडलेले आणि कोणतेही गुपित पोटात न ठेवणारे सायकलीसारखे साधे यंत्र जेव्हा एकाएकी कुरकुरू लागते, तेव्हा ती कुरकुर कोठून येते हे कोणाही समंजस माणसास खाली वाकून, कान देऊन सहज सांगता येईल, अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि पुढील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ याच समजुतीत असते. हवेतून ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादातून सुमारे ५,००० मीटर; त्यात सायकलीचा सांगाडा म्हणजे एकमेकींस जोडलेल्या पोकळ नळ्या, त्या सगळ्याच थरथरू लागतात, आणि मग सीटच्या दांड्यापाशी उपजलेला करकराट खाली पायडलांच्या मधोमध उपजला असा भास स्वारास होतो. परिणामी तेथील ब्रॅकेट निष्कारण उकलले जाते, छर्रे बदलले जातात, मजुरीही द्यावी लागते, आणि घरी परतताना तोच करकराट पुन्हा सोबतीस असतो.

आवाजाच्या जागेविषयी कानाची साक्ष भरवशाची नाही; त्याच्या वेळेविषयी मात्र ती बहुधा खरी ठरते. पुढच्या चक्रास ४८ आणि मागच्यास १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेरीत चाकाच्या सुमारे २.६७ फेऱ्या होतात, आणि साखळी ११२ कड्यांची असेल तर तिची एक परिक्रमा पुरी होण्यास पायडलाच्या सुमारे २.३३ फेऱ्या लागतात. एवढा हिशेब ध्यानी ठेवला की पायडलाच्या प्रत्येक फेरीत ठरावीक जागी उमटणारी ‘टक’ पायडल, क्रँक, क्रँक आसावर धरून ठेवणारी कॉटरपिन वा ब्रॅकेट यांपैकी कोणाची तरी आहे, त्याहून झपाट्याने, चाकाच्या गतीने उमटणारी हबची, आऱ्याची वा टायरची आहे, आणि जी दोन फेऱ्या टळून तिसरीत, दर खेपेस पायडलाच्या निराळ्याच स्थितीत उमटते, ती साखळीतील एखाद्या आखडलेल्या कडीची आहे, असे पुष्कळशा खात्रीने म्हणता येते. पाय थांबवून सायकल नुसती पळू द्यावी: आवाज बंद झाला तर संशयाचा रोख पायडलांकडे व साखळीकडे वळतो, कायम राहिला तर चाकांकडे. सीटवरून उठून पायडल मारताना तो नाहीसा झाला, तर सीट, तिच्या स्प्रिंगा आणि सीटचा दांडा यांची प्रथम झडती घ्यावी. दांडा बाहेर काढून, पुसून, ग्रीसचा पातळ हात देऊन परत बसवणे एवढ्यावरच पुष्कळ प्रकरणे मिटतात. कॉटरपिनची परीक्षा याहूनही सोपी आहे. एक क्रँक हाताने घट्ट धरून दुसरी हलवावी. ती जराही डुलली तर पिन सैल वा झिजलेली आहे, आणि तिची नट कितीही आवळली तरी उपयोग नाही, कारण नट पिनेला जागेवर राखते, आत ओढून घट्ट करण्याचे काम तिचे नव्हे.

दुसरा गैरसमज तेलाचा, आणि हानीच्या दृष्टीने तो पहिल्याहून वरचढ आहे. आवाज आला की तेल सोडावे, हा घरोघरचा परिपाठ. त्यातही हाताशी असते ते खोबरेल, जे सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि धूळ धरून चिकट लगदा बनते. कोरड्या साखळीची चिवचिव तेलाने जाते हे खरे, परंतु १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनोल्ड याने जी बुश आणि रोलर यांची साखळी सिद्ध केली, तिची झीज बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यांवर नव्हे, तर आतील पिन आणि बुश यांच्या दरम्यान होत असते. म्हणून प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवून तो आत मुरू द्यावा आणि बाहेरचे तेल फडक्याने निपटून घ्यावे. ‘साखळी ताणली’ असे आपण सर्रास म्हणतो, वस्तुतः धातू ताणला जात नाही, प्रत्येक जोड किंचित झिजतो आणि त्या झिजेची बेरीज लांबीत दिसते. अर्ध्या इंचाचे २४ जोड मोजावेत; १२ इंचांऐवजी १२ इंच आणि आठवा हिस्सा भरले, तर तेलाचा विचार सोडून साखळी बदलावी. ब्रेक किंचाळतो म्हणून रिमवर तेल सोडणारे महाभाग अद्याप आहेत, आणि त्यांच्या पुढे कोणी सायकल चालवू नये.

‘आवळा म्हणजे गप्प बसेल’ हा तिसरा मंत्र. हबचे कोन जरुरीपेक्षा आवळले की छर्रे व त्यांची वाटी दोन्ही खराब होतात, आणि मग जो खरखराट सुरू होतो तो पाना फिरवून जात नाही. पायडलाचे आटे कोरडे पडले तरीही कुरकुर होते; तेव्हा ते काढून, पुसून, ग्रीस लावून बसवावे, मात्र डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावल्यास क्रँक कायमची निकामी होते.

फ्रीव्हीलची टिकटिक हा दोष नव्हे. पाय थांबले असता स्प्रिंगने रेटलेल्या खिट्ट्या दात्यांवरून घसरतात, त्याचा तो आवाज. नव्या सायकलीचे आरे पहिल्या काही मैलांत टणटणले तरी घाबरण्याचे कारण नाही. आवळताना पीळ बसलेला असतो, तो सुटतो. याउलट, चिमट्याच्या वा सांगाड्याच्या जोडापाशी रंगावर केसाएवढी रेघ दिसली, तर आवाज असो वा नसो, सायकल तत्काळ थांबवावी, कारण तडा गेलेले पोलाद मोडण्यापूर्वी वर्दी देईलच असे नाही.

दुकानात जाताना ‘सायकल वाजते आहे’ एवढीच तक्रार कारागिराच्या पदरी घालू नये. उजवे पायडल खाली जाताना वाजते, की चाकाच्या गतीने; बसले असता वाजते, की उठल्यावरही; पाय थांबवल्यावर बंद होते, की नाही, हे त्यास सांगावे, आणि ते सांगता येत नसेल, तर दुकानाचा रस्ता धरण्यापूर्वी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून यावी.