यंत्रावरचे आकडे पुसट दिसतात तेव्हा

साखर आणि बी.पी. मोजायची यंत्रे आता घरोघरी आहेत आणि त्यांतली बरीचशी आपल्यासारखीच म्हातारी झाली आहेत. आकडे पुसट झाले की आपण यंत्र खिडकीशी नेतो आणि अंदाजाने वाचतो. हे मला मुळीच पसंत नाही. त्याच आकड्यावर कोणी इन्सुलिनचे युनिट ठरवतो.

आधी पाहा, यंत्र पुसट की नजर? दुसऱ्या घड्याळाचे किंवा फोनचे आकडेही तसेच दिसत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मधुमेह्यांनी तर वर्षातून एकदा जावेच. एका डोळ्याची नजर अचानक गेली तर मात्र तडक इस्पितळात! काळा चष्माही काढून पाहा. काही पोलराइज्ड काचांतून यंत्राचा पडदा एका बाजूने पार काळा दिसतो.

नजर ठीक असेल तर बहुतेक वेळा सेल उतरलेले असतात. सगळे एकदम बदला. एक जुना, एक नवा असे करू नका. सेलच्या खाचेत पांढरी भुकटी दिसली तर हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासा, नाहीतर डॉक्टरांना सकाळची साखर रात्रीची वाटेल. दिमोनाच्या थंडीत गारठलेल्या यंत्राचे आकडेही फिके पडतात. ते खोलीत अर्धा तास ठेवा, हीटरवर नको.

आता खरी धोक्याची गोष्ट. इंग्रजी आठचा आकडा सात काड्यांचा असतो. मधली काडी मेली की त्याचा शून्य दिसतो. ओळखीच्या एका मावशी कित्येक दिवस १०० वाचून खुशीत होत्या. कुपत होलीमच्या नर्सने तिच्या यंत्रावर पाहिले तर साखर १८० च्या घरात. उजवीकडची वरची काडी गेली तर ८० चे ६० दिसतात, आणि माणूस उगाच साखर खातो. पुष्कळ यंत्रे सुरू होताना क्षणभर सगळे आठ दाखवतात. तेव्हा एकेक काडी नीट मोजा. एक जरी तुटकी दिसली तरी त्या यंत्रावर विसंबू नका. ते नर्सला दाखवा आणि नवे मागा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. तोवर आकडा आणि अंगातली लक्षणे जुळत नसतील, घाम, थरथर, गरगर वाटत असेल, तर दुसऱ्या यंत्रावर तपासून घ्या. ते हाताशी नसेल तर साखर कमी आहे असे समजून गोड खा, आणि मदत बोलवा.

साखरेच्या यंत्रातला चपटा गोल सेल काढला की लगेच चिकटपट्टीत गुंडाळून नातवंडांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ओकारी काढू नका. १०१ ला फोन करा.