तडजोडीची संहिता : १९९८ चा तंबाखू-करार आणि धूम्रपानाचे प्रमाण

अमेरिकेतील ४६ राज्ये आणि फिलिप मॉरिस, आर. जे. रेनॉल्ड्स, ब्राउन अँड विल्यमसन व लॉरिलार्ड या चार सिगारेट कंपन्या यांच्यात २३ नोव्हेंबर १९९८ रोजी जो करार झाला, तो विधिशास्त्राचे आणि आरोग्यशास्त्राचे अभ्यासक वाचतात. साहित्याच्या अभ्यासकानेही तो वाचावा, असे मला वाटते. (मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास व मिनेसोटा या राज्यांनी आधीच स्वतंत्र तडजोडी केल्या होत्या.) धूम्रपानजन्य आजारांवर राज्यांनी केलेल्या खर्चाची भरपाई म्हणून २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे ठरले. मात्र संहितेत अपराधाची कबुली नाही. उलट राज्यांचे सर्व आरोप कंपन्यांना अमान्य असल्याचे तीत स्पष्ट नोंदवले आहे.

या संहितेतील ‘कार्टून’ची व्याख्या विशेष लक्षणीय आहे. अतिशयोक्त विनोदी रेखाटन, प्राण्यांवर वा वस्तूंवर मानवी गुणांचा आरोप, अतिमानवी शक्ती ही त्याची लक्षणे होत. या कसोटीवर पंचतंत्राची सचित्र आवृत्तीही सिगारेटच्या जाहिरातीस निषिद्ध ठरेल! ‘जो कॅमल’ या उंटाला नावानिशी बाद केले आहे. पण १ जुलै १९९८ रोजी पाकिटावर असलेल्या चित्राला सूट आहे. म्हणजे पाकिटावरचा जुना उंट शाबूत राहिला. रस्त्याकडेचे जाहिरातफलक मात्र एप्रिल १९९९ पर्यंत उतरले.

धूम्रपान यामुळे घटले का? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातबंदीपेक्षा किमतीत अधिक सापडते. करार होताच मोठ्या कंपन्यांनी पाकिटामागे ४५ सेंटची वाढ केली. भरपाईचा भार अखेर ओढणाऱ्यावरच पडला. किंमत दहा टक्क्यांनी वाढली की खप साधारण चार टक्क्यांनी घटतो, असा अर्थशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण अंदाज आहे. प्रौढांमधील धूम्रपानाचे प्रमाण १९९० मध्ये २५.५ टक्के होते, १९९८ मध्ये २४.१; म्हणजे आठ वर्षांत जेमतेम दीड टक्का उतरले. पुढच्या सहाच वर्षांत ते २०.९ वर आले. बारावीच्या विद्यार्थ्यांत, मागील तीस दिवसांत सिगारेट ओढलेल्यांचे प्रमाण १९९७ मध्ये ३६.५ टक्के होते; २००३ मध्ये ते २४.४ टक्के झाले. कराराच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या संस्थेने २००० साली सुरू केलेल्या ‘ट्रुथ’ मोहिमेचाही यात वाटा आहे. तथापि याच काळात राज्यांनी कर वाढवले, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली. तेव्हा सगळे श्रेय कराराला देणे योग्य नव्हे.

कंपन्यांनी वाटही शोधली. फलकांवरचा पैसा दुकानातील सवलतींकडे वळला आणि विक्रीप्रसाराचा वार्षिक खर्च १९९८ मधील सुमारे ६.७ अब्ज डॉलरवरून २००३ मध्ये १५ अब्जांवर गेला. त्याहून अस्वस्थ करणारी बाब राज्यांच्या बाजूची आहे. मिळणारी रक्कम खपाशी निगडित होती, त्यामुळे खप घटला की राज्याचे उत्पन्न घटते. अनेक राज्यांनी तर भावी उत्पन्नावर रोखे विकून पैसा आधीच उचलला. व्यसनमुक्तीवर त्यातला अगदी थोडा भाग खर्च झाला. वादी हळूहळू प्रतिवादीचा भागीदार झाला, हे म्हणणे कठोर वाटेल; मला ते टाळता येत नाही.

तडजोडीत न आलेली कबुली दुसऱ्या ठिकाणी सापडते. खटल्यांमुळे कंपन्यांचे अंतर्गत कागद उघड झाले आणि २००२ पासून सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सर्वांसाठी खुले केले. आज ही संख्या एक कोटी चाळीस लाखांवर आहे. त्यातील १९६९ चे एक टिपण मी तुलनात्मक साहित्याच्या वर्गात वाचायला देतो. आपले खरे उत्पादन सिगारेट नसून शंका आहे, असा त्याचा आशय आहे. विद्यार्थी प्रथम ते उपरोधिक लेखन समजतात. ते एका कंपनीचे कार्यालयीन टिपण आहे, हे त्यांना सांगावे लागते.