तानपुरा खाणारा लॅपटॉप

"माझा आवाज येतोय, पण तानपुरा गायब होतोय." घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांची ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की हल्ली बॅग उघडण्याआधीच कारण सांगून टाकतो. आमच्या सोसायटीतल्या गाण्याच्या बाईंकडे नेमकं हेच झालं होतं. विद्यार्थिनींना रियाजासाठी पाठवायला त्यांना यमनचे पलटे रेकॉर्ड करायचे होते. माईक नवा होता. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, म्हणजे 2000 सालापासून लोकांच्या हातात असलेलं, फुकट आणि भरवशाचं. रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिले काही क्षण इलेक्ट्रॉनिक तानपुरा छान वाजायचा, मग पातळ होत होत विरून जायचा. बाईंनी 'सा' लांबवला की त्याचीही तीच गत. त्यांनी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून पाहिलं होतं, आणि भाच्याने महागडा माईक सुचवला होता.

सॉफ्टवेअर आणि माईक, दोघंही निर्दोष. आजचा लॅपटॉप ऑफिसच्या मीटिंगा गृहीत धरून बनतो. माणसाचं बोलणं थांबत-तुटत, चढत-उतरत येतं. पंखा किंवा एसी मात्र एकसारखा घरघरत राहतो. तेव्हा जे सतत आणि स्थिर आहे ते निरुपयोगी समजून दाबायचं, हा आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रामचा साधा हिशेब असतो. तानपुऱ्याचं तर अख्खं कामच सतत आणि स्थिर राहण्याचं! पंखा समजून त्याला दाबलं जातं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माईकच्या पानावर 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असतं, ते बंद केलं. कधी लॅपटॉप कंपनीनेही आपला वेगळा प्रोग्राम घातलेला असतो, तोही शोधून बंद करावा लागतो. झूमवर शिकवणाऱ्यांचीही हीच अडचण, म्हणून तिथे 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाची सोय आहे. संगीतकारांसाठी वेगळं बटण द्यावं लागतं, यातच सगळं आलं.

अशा कामात सॉफ्टवेअरला शेवटी हात लावायचा असतो. आधी आवाजाची वाट चालून यायची : माईक, केबल, इंटरफेस (म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारी डबी), ड्रायव्हर, विंडोज आणि मग सॉफ्टवेअर. रेकॉर्ड करताना पडद्यावर सरळ सपाट रेघ येत असेल, तर बऱ्याचदा प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲप्सना माईकची परवानगीच दिलेली नसते. रेघ हलतेय पण आवाज लांबून, डब्यातून आल्यासारखा वाटतोय, तर नखाने माईकच्या जाळीवर हलकेच टिचकी मारा आणि मग लॅपटॉपच्या कडेवर मारा. ज्या टिचकीला पडद्यावर मोठा काटा उठतो, तो माईक चालू. समोर सुरेख माईक उभा आणि रेकॉर्डिंग मात्र लॅपटॉपच्या टाचणीएवढ्या भोकातून, असं करत महिनोन् महिने काढलेली माणसं मला भेटली आहेत.

खरी डोकेदुखी तबला आला की सुरू होते. बाईंचा अभंग आधी रेकॉर्ड झाला होता. आता तबलजींनी हेडफोनवर तो ऐकत साथ करायची. ते म्हणाले, "अहो, माझा हात मलाच मागून ऐकू येतोय." याचं कारण आकड्यांत आहे. संगणक आवाज थेंब-थेंब घेत नाही. नमुन्यांचा एक घास भरला की मग गिळतो. या घासाला म्हणतात बफर. सेकंदाला 44,100 नमुने घेताना 1024 नमुन्यांचा बफर भरायला सुमारे 23 मिलिसेकंद लागतात. तेवढेच पुन्हा बाहेर पडताना, म्हणजे किमान 46, वर ड्रायव्हरचा उशीर वेगळा. हवेतून आवाज तेवढ्या वेळात जवळजवळ सोळा मीटर जातो. मिनिटाला 300 मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा 200 मिलिसेकंदांची. म्हणजे जवळपास पाव मात्रा हुकली! तबलजी चिडले नसते तरच नवल.

बफर 128 केला की एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांवर येतो. पण मग संगणकाला सारखी घाई, आणि जरा मागे पडला की रेकॉर्डिंगमध्ये चटचट आवाज येतात. अशा वेळी ब्राउझर बंद करा आणि वाय-फायही बंद करा. त्याचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर वापरा. तो आवाजाला विंडोजच्या मिक्सरमधून न फिरवता थेट पोहोचवतो. सध्याच्या सॉफ्टवेअरला तो चालत नसेल, तर चालणारं दुसरं सॉफ्टवेअर घ्या. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर प्रश्नच मिटला, आपला आवाज संगणकात न जाता सरळ कानात येतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामातून बादच समजा. त्यांचा उशीर कमी होत नाही, आणि त्यांचाच माईक चालू झाला की गाणं फोनवरच्या बोलण्यासारखं ऐकू येतं.

ऐकताना सगळं ठीक, पण नंतर लावून पाहिलं तर तबला सरकलेला, असंही होतं. त्यावर एक छान तोडगा आहे. ऑडॅसिटीत मेट्रोनोमची टकटक तयार करायची, हेडफोनचा एक कान माईकवर धरायचा आणि तीच टकटक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायची. मग पडद्यावर खूप जवळ जाऊन पाहायचं. वरच्या ट्रॅकवर एक टोकदार उंचवटा, खालच्या ट्रॅकवर त्याचाच जुळा, थोडा उजवीकडे. दोघांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजायचं आणि 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन'मध्ये तेवढी दुरुस्ती करायची. तिथे मुळात वजा 130 असतं, पण तो अंदाज. तुमच्या यंत्राचा आकडा वेगळाच निघेल.

सूर बदलण्याचा बिघाड दुर्मीळ, पण गायकाला वेड लावणारा. फाइल 44,100ची आणि इंटरफेस 48,000वर अडकलेला, असं झालं की गाणं सुमारे नऊ टक्के जलद वाजतं. पाच मिनिटांचा अभंग साधारण 24 सेकंद आधी संपतो, आणि काळी चारमधला 'सा' पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध जाऊन बसतो. पेटीवर तो सापडतच नाही! दोन्हीकडचा आकडा एक करा की सूर जागेवर.

घुंईं असा खर्जातला आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि अर्थिंग धड नसलेल्या जुन्या इमारतींत ती माईकच्या वाटेने आत येते. बॅटरीवर रेकॉर्ड करणं हा त्यावरचा बिनखर्चाचा इलाज.

एक विनंती. मदतीला कुणाला फोन कराल तेव्हा "सॉफ्टवेअर चालत नाही" एवढंच सांगू नका. सॅम्पल रेट (सेकंदाला नमुने) किती, बफर किती, ड्रायव्हर कुठला आणि काल चालत होतं तर त्यानंतर काय बदललं, हे एका कागदावर लिहून ठेवा. मोठा अपडेट झाला की माईकच्या सेटिंगवर पुन्हा नजर टाका. आणि नवा माईक मागवण्याआधी एकदा नुसता तानपुरा मिनिटभर रेकॉर्ड करून शेवटपर्यंत ऐका. तो टिकला असेल तर माईक बदलायची गरज नाही.