सागरेश्वरच्या कुंपणाआड

सुट्टी लागली की सातारा-सांगलीच्या व्यापारी कुटुंबांची सहल बहुधा महाबळेश्वरला जाते आणि खरेदीच्या पिशव्या घेऊन परतते. मुलांसाठी त्यातला एक दिवस सागरेश्वर अभयारण्याला द्यावा. हे अरण्य मानवनिर्मित आहे. उजाड डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडी उभी राहिली, हरणे बाहेरून आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. म्हणजे मुलांच्या पायांना झेपणारे.

मुलांच्या हाती मोबाइलऐवजी वही व सुतळी द्यावी. सुतळीने झाडांचा घेर मोजावा, मातीतले खुरांचे ठसे काढून घ्यावेत, प्राचीन शिवमंदिरांच्या समूहातील कोरीवकाम रेखाटावे. चितळ-सांबराची शिंगे गळून पुन्हा उगवतात, काळविटाची मात्र आयुष्यभर तीच राहतात. हा फरक चित्र काढतानाच मनात ठसतो.

पंचाईत होते ती बिस्किटांपाशी. जीवदयेचे संस्कार असलेले मूल हरणापुढे बिस्किट धरणारच, आणि मोठ्यांना त्याचे कौतुकही वाटते. परंतु रवंथ करणाऱ्या प्राण्याला मैदा व साखर सोसत नाही. माणसाला सरावलेले हरीण रस्त्यावर येते. येथे बारमाही पाणी नाही, उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात. दान करायचेच तर वनविभागाला विचारून त्या कामी करावे. दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. कुंपणाबाहेर पडलेली हरणे शेतकऱ्याचे उभे पीक खातात. हरीण वाचले, पण तोटा कोणाच्या खात्यावर पडला? जमाखर्चाच्या घरात वाढलेल्या मुलांपुढे हा प्रश्न मोकळेपणाने ठेवावा. त्याचे तयार उत्तर पाठशाळेच्या पुस्तकात नाही.

दुपारनंतर जवळच्या कुंडलला झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावे. क्रांतिवीर जी. डी. बापू लाड याच कुंडलचे. साताऱ्याकडे रेल्वेने परतणाऱ्यांना वाटेत शेणोली लागते. तेथे ७ जून १९४३ रोजी बापू व कॅप्टन भाऊ यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ब्रिटिश सरकारचा पैसा नेणारी गाडी अडवली होती. मुलांना त्या वेळी खिडकीशी बसवावे.