सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे विद्यापीठीय शिक्षण

अनेकांनी मिळून लिहिलेल्या व दीर्घकाळ वापरात राहणाऱ्या आज्ञावलींची आखणी, बांधणी, चाचणी आणि देखभाल यांचे पदवी व पदव्युत्तर पातळीवरील अध्यापन म्हणजे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे विद्यापीठीय शिक्षण होय.

पार्श्वभूमी

इ.स. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेनंतर 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ झाली. मोठ्या आज्ञावली ठरलेल्या वेळेत व खर्चात पुऱ्या होत नाहीत, ही तेथील मुख्य चिंता होती. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संस्थांनी पदवी अभ्यासक्रमाचा संयुक्त आराखडा मात्र २००४ साली प्रसिद्ध केला.

वर्गातील अडचण

या विषयाची खरी अडचण आशयापेक्षा परिस्थितीत आहे. वर्गात लिहिलेली आज्ञावली सहसा लहान असते, तिचा कर्ता एकच असतो आणि गुण मिळताच ती टाकून दिली जाते. ती वर्षभराने दुसऱ्या कोणी उघडून बदलावी, असा प्रसंगच येत नाही. आणि नेमक्या त्याच प्रसंगासाठी हे शास्त्र आहे. त्यामुळे दस्तऐवजीकरणासारखे घटक विद्यार्थ्यांना निव्वळ कागदी सोपस्कार वाटतात, आणि वर्गापुरते पाहिले तर ते फारसे चुकतही नाहीत.

यावर टोरांटो विद्यापीठातील जेम्स हॉर्निंग व डेव्हिड वॉर्टमन यांनी योजलेला उपाय विशेष उल्लेखनीय आहे. 'सॉफ्टवेअर हट' या नावाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रकल्पाचे स्वरूप खेळाचे होते. विद्यार्थ्यांचे गट म्हणजे लहान कंपन्या. त्या आज्ञावलीचे भाग तयार करून एकमेकींशी त्यांची खरेदी-विक्री करत, आणि पुढे विकत घेतलेल्या, परक्या हातच्या कामात बदल करत. अस्पष्ट लिहिलेल्या भागाचा त्रास अशा वेळी शिक्षकाला नव्हे, तर तो विकत घेणाऱ्या सहाध्यायांना होतो.

गटप्रकल्प व मूल्यमापन

आज बहुतेक ठिकाणी गटप्रकल्प हा या शिक्षणाचा गाभा मानला जातो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही अंतिम वर्षाचा प्रकल्प सामान्यतः गटानेच केला जातो. सर्वांना सारखे गुण दिल्यास काम टाळणाऱ्याचे फावते. वेगवेगळे दिल्यास प्रत्येक जण आपलाच भाग सांभाळतो आणि ते भाग जोडण्याचे किचकट काम मागे पडते. सहाध्यायांनी परस्परांचे केलेले मूल्यमापन आणि प्रत्येक बदलाचा कर्ता व वेळ नोंदवणारी गिटसारखी साधने यांचा आधार त्यासाठी घेतला जातो. मात्र ओळींची संख्या मोजून योगदान ठरवणे फसवे असते, कारण कुशल सदस्याने केलेल्या सुधारणेत पुष्कळदा ओळी कमी होतात.