झिजलेलं गाणं

मागच्या महिन्यात नळदुर्गचं घर विकायला काढलं आणि ट्रंकेतून 'पिंजरा'ची रेकॉर्ड निघाली. आमच्या धाराशिवच्या घरी ती वाजवायला यंत्र नाही. सोलापूरचा एक तरुण जुन्या रेकॉर्डी घेतो असं कळलं, त्याला बोलावलं.

ही रेकॉर्ड काकानं १९७३ च्या उन्हाळ्यात सोलापूरहून आणली होती, सेलवर चालणाऱ्या प्लेयरसकट. आदल्या वर्षी व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट आला होता आणि राम कदमांच्या चालींनी जिकडंतिकडं वेड लावलं होतं. पण ते दुष्काळाचं वर्ष. बोरीच्या पात्रात झरे खणून बाया वाटीवाटीनं घागरी भरत. घराघरांत तांबड्या मिलोच्या भाकरी, कामावरच्या मजुरांना सुकडी. माझे वडील, अण्णा, शाळामास्तर. ते काकावर कडाडले, "लोक खडी फोडायलेत अन् तू तमाशा इकत आणतोस?"

त्यात चित्रपटाची गोष्ट अशी, की तमाशातल्या बाईपायी एका आदर्श मास्तराची धूळधाण होते. श्रीराम लागूंचा तो मास्तर अण्णांनी पडद्यावर पाहिला नव्हता. गोष्ट मात्र गावानं त्यांना हसत हसत ऐकवली होती. रेकॉर्ड ट्रंकेत गेली. अण्णा परगावी गेले की आम्ही भावंडं ती चोरून लावायचो. सेल लवकर संपायचे. त्यावरून मी दोनदा मार खाल्लाय. गंमत म्हणजे चार दिवसांनी नवे सेल अण्णाच आणून ठेवायचे. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

तो तरुण खिडकीशी गेला, तबकडी तिरपी धरली.

"काका, दुसऱ्या बाजूचं हे मधलं गाणं पार घासलंय. बाकीचं बघा कसं चकाकतंय, इथं राखाडी पडलीय. हजार नाही, सातशे देतो."

मी तेहतीस वर्षं बँकेत होतो. सोनं तारण ठेवायला आलेल्या बाईच्या पाटलीचं वजन बघायचं आणि कर्जाचा आकडा सांगायचा. ती पाटली कशानं झिजली हे मी कधी विचारलं नाही, तसा रकाना अर्जात नव्हता. आता मी काउंटरच्या बाहेर उभा होतो.

ते गाणं आम्ही भावंडं लावतच नव्हतो. संथ होतं, आम्हाला ठेक्याची हवी असायची. आई पुण्याला बहिणीकडं असते, तिला फोन लावला.

"तुमचे अण्णाच लावायचे की," ती सहज म्हणाली. "तुम्ही निजल्यावर. पेटीसकट गोधडी पांघरून बसायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी दाराशी बसायची, कुणी आलं तर."

अण्णा २००९ साली गेले. गोधडीखाली घामाघूम होऊन तेच तेच गाणं ऐकणारा हा माणूस मला कधी भेटलाच नाही. आईला ठाऊक होता. इतकी वर्षं तिनंही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

फोन ठेवून मी त्या मुलाला म्हटलं, "आता दीड हजार." तो हसला. मग आठशेवर सौदा ठरला. न विकता ठेवली असती तर ती पुन्हा ट्रंकेतच पडली असती. याच्याकडं निदान वाजेल.

पैसे घेताना एवढंच सांगितलं, की ते मधलं गाणं वगळू नको.

"खरखर फार येईल हो, काका," तो म्हणाला आणि रेकॉर्ड पिशवीत घातली.